समजून घ्या : नाशिकच्या ०२५३चे पुढे काय? दूरध्वनी क्रमांक कसे ठरतात, कसे बदलतात?

नाशिकमध्ये एका लँडलाइनवरून दुसऱ्या लँडलाइनला फोन लावायला आतापर्यंत सात आकडे पुरत आले. ०२५३ हा कोड बाहेरगावच्या माणसाने लावायचा, शहरातल्याने नाही, अशी साधी समजूत. मात्र भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ‘ट्राय’ने, ६ फेब्रुवारी २०२५ रोजी केंद्र सरकारला केलेल्या शिफारशींनुसार शेजारच्या घरी फोन करतानाही आधी शून्य, मग कोड आणि मग क्रमांक लावावा लागेल. हा बदल दिसायला किरकोळ आहे. पण त्यामागे ११० कोटींहून अधिक फोनना पुरतील इतके क्रमांक आणायचे कुठून, आणि ते आणताना कोणाचाही जुना क्रमांक न बदलता काम कसे भागवायचे, हा मोठा प्रश्न आहे.

०२५३ म्हणजे नेमके काय?

नाशिकचा खरा कोड २५३ आहे. त्याआधीचे शून्य हा कोडचा भाग नाही. ‘पुढे बाहेरगावचा कोड येतो आहे’ असे टेलिफोन एक्स्चेंजला सांगणारी ती खूण आहे. दोन शून्ये लावली की परदेशी फोन. १ हा आकडा १००, १०१, १०८, ११२ अशा विशेष सेवांसाठी राखलेला. म्हणूनच कोणाच्याही घरचा क्रमांक शून्याने किंवा एकने सुरू होत नाही. दहापैकी दोन आकडे सुरुवातीलाच बाजूला पडतात.

कोडचा पहिला आकडा साधारणपणे देशाचा भाग सांगतो. पश्चिमेकडे २ आहे : मुंबई २२, पुणे २०, नाशिक २५३, जळगाव २५७, सुरत २६१. विदर्भ ७मध्ये जातो : नागपूर ७१२, अमरावती ७२१, अकोला ७२४. पणजीचा ८३२ हा बेळगावच्या ८३१ला लागून आहे. मोबाइल सेवेसाठी मात्र गोवा महाराष्ट्राच्या परिमंडळात येतो. म्हणजे लँडलाइनचा नकाशा आणि मोबाइलचा नकाशा एकच नाही. आणि राजकीय नकाशा बदलला तरी हे आकडे हलत नाहीत. औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले, अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. ०२४० आणि ०२४१ जिथल्या तिथे राहिले.

सिन्नर, लासलगावचा कोड वेगळा का?

लँडलाइनसाठी देशाचे अडीच हजारांहून अधिक छोटे भाग पाडलेले आहेत. त्यांना ‘शॉर्ट डिस्टन्स चार्जिंग एरिया’, थोडक्यात एसडीसीए म्हणतात. नावातच त्याचा उगम आहे. ट्रंक कॉल आणि एसटीडीच्या काळात कोणत्या फोनला लोकल दर लावायचा आणि कोणत्याला अंतराप्रमाणे जास्त, हे ठरवण्यासाठी या हद्दी आखल्या गेल्या. बहुतेक ठिकाणी एक तालुका म्हणजे एक भाग.

नाशिक जिल्हा हे त्याचे चांगले उदाहरण आहे. निफाड ०२५५०, सिन्नर ०२५५१, नांदगाव ०२५५२, इगतपुरी ०२५५३, मालेगाव ०२५५४, येवला ०२५५९. लासलगावची कांद्याची बाजारपेठ निफाडच्या कोडखाली येते. पुढील सिंहस्थ २०२७मध्ये होत आहे. तो एकच सोहळा असला तरी रामकुंड ०२५३मध्ये आणि कुशावर्त ०२५९४मध्ये. आपत्कालीन ११२ला कोणताही कोड लावावा लागत नाही, ही सोय अशा वेळी कळते.

देशात पहिली एसटीडी सेवा १९६० साली कानपूर आणि लखनऊ या शहरांदरम्यान सुरू झाली. त्यानंतर हळूहळू ऑपरेटरला नंबर सांगून तासन्‌तास वाट पाहण्याचे दिवस मागे पडले आणि कोड पाठ करण्याचे दिवस आले. आज बहुतेक प्लॅनमध्ये देशभर बोलणे अमर्याद असते, त्यामुळे अंतराप्रमाणे दर ही गोष्टच संपल्यात जमा आहे. पण त्या दरांसाठी आखलेल्या हद्दी क्रमांकांमध्ये अजूनही जिवंत आहेत.

दहा आकड्यांचे गणित कसे बसते?

भारतात कोड आणि स्थानिक क्रमांक मिळून दहा आकडे होतात. मुंबईचा कोड दोन अंकी, म्हणून तिथला क्रमांक आठ अंकी. नाशिकचा कोड तीन अंकी, म्हणून क्रमांक सात अंकी. मालेगाव, सिन्नर, निफाडचे कोड चार अंकी, म्हणून तिथले क्रमांक सहा अंकी. जिथे फोन जास्त, तिथे कोड आखूड, असा हा हिशेब आहे. दोन अंकी कोड देशात फक्त आठ शहरांना मिळाले : दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई, बेंगळुरू, हैदराबाद, अहमदाबाद आणि पुणे. पुण्याचा कोड पूर्वी ०२१२ होता, तो पुढे ०२० झाला. असे आखूड कोड सर्रास वाटता येत नाहीत. २० हा कोड एका शहराला दिला की २०ने सुरू होणारा दुसरा कोणताही तीन किंवा चार अंकी कोड कोणालाच देता येत नाही.

नाशिककरांना आठवत असेल, २००२-०३च्या सुमारास शहरातील सहा अंकी क्रमांकांच्या आधी २ लागला आणि ते सात अंकी झाले. लेटरहेड, पाट्या, व्हिजिटिंग कार्ड, सगळे नव्याने छापावे लागले. तो २ केवळ जागा वाढवण्यासाठी नव्हता. खासगी कंपन्या लँडलाइनच्या क्षेत्रात आल्या होत्या आणि पहिल्या आकड्यावरून कंपनी ओळखता यावी, असे ठरले होते. २ बीएसएनएल आणि एमटीएनएलला, ३ रिलायन्सला, ४ भारतीला, ६ टाटाला. सोय चांगली होती, पण महाग. एखाद्या गावात एखाद्या कंपनीचे शंभरच ग्राहक असले तरी तिच्या नावाने एक अख्खा आकडा अडकून पडतो.

२००३चा अंदाज कुठे चुकला?

सध्याची राष्ट्रीय क्रमांक योजना २००३ची आहे. ती आखताना २०३०पर्यंतचा विचार केला होता. तोवर देशात ७५ कोटी फोन असतील, त्यांपैकी ३० कोटी लँडलाइन आणि ४५ कोटी मोबाइल, असे गृहीत धरले होते. प्रत्यक्षात ४५ कोटी मोबाइलचा टप्पा २००९मध्येच ओलांडला गेला. एकवीस वर्षे आधी. मार्च २०२४अखेर देशात ११६ कोटींहून अधिक मोबाइल जोडण्या होत्या आणि लँडलाइन सुमारे ३ कोटी ३८ लाख.

म्हणजे अंदाज दोन्हीकडून चुकला. ज्या लँडलाइनसाठी २ ते ६ हे आकडे राखून ठेवले त्या आल्याच नाहीत, आणि मोबाइलला दिलेला ९ काही वर्षांत भरून गेला. देशात मोबाइल सेवा १९९५मध्ये सुरू झाली. महाराष्ट्रातल्या सुरुवातीच्या ग्राहकांचे क्रमांक ९८२२ आणि ९८२३ने सुरू होत, नंतर बीएसएनएलचा ९४२२ आला. चार अंकांच्या अशा एका मालिकेत बरोबर दहा लाख क्रमांक बसतात. या मालिका संपत गेल्या तसे २०१०च्या आसपास ८ आणि ७ उघडावे लागले, आणि २०१६पासून ६ने सुरू होणारे मोबाइल क्रमांकही दिसू लागले.

आकड्यांवरून कंपनी ओळखण्याची सवयही याच काळात मोडली. २० जानेवारी २०११पासून देशभर क्रमांक न बदलता कंपनी बदलण्याची सोय झाली आणि ३ जुलै २०१५पासून राज्य बदलले तरी जुना क्रमांक ठेवता येऊ लागला. आता ९८२२वाला ग्राहक कोणत्या कंपनीचा आणि कोणत्या राज्यात राहणारा, हे क्रमांक पाहून सांगता येत नाही.

एका शून्याने काय साधले?

जादा क्रमांक मिळवायचे दोन मार्ग असतात. एक, आकडे वाढवायचे. दोन, आकडे तेवढेच ठेवून अडकलेली जागा मोकळी करायची. भारताने दुसरा मार्ग धरला आहे.

याचे जुने उदाहरण अनेकांना आठवत असेल. २०००च्या दशकात राज्यातल्या राज्यात स्वस्त दराने बोलण्यासाठी शून्याऐवजी ९५ लावत. मुंबईहून नाशिकला फोन करायचा तर ९५२५३ आणि पुढे क्रमांक. लोकांच्या खिशाला ते बरे होते, पण त्यामुळे ९५ने सुरू होणारा एकही मोबाइल क्रमांक देता येत नव्हता. पुढे ही पद्धत बंद झाली आणि दहा कोटी क्रमांकांची जागा मोकळी झाली. आज ९५ने सुरू होणारे मोबाइल क्रमांक सगळीकडे आहेत.

१५ जानेवारी २०२१पासून लँडलाइनवरून मोबाइलला फोन करताना आधी शून्य लावणे बंधनकारक झाले, ते याच तर्काने. समजा, ६ने सुरू होणाऱ्या मोबाइलला नाशिकच्या लँडलाइनवरून थेट फोन लावला, तर एक्स्चेंजला तो आकडा शहरातल्याच ६ने सुरू होणाऱ्या लँडलाइनचा वाटू शकतो. सात आकडे झाले की ते जोडणी करून मोकळे. आधी शून्य आले की हा घोळ राहत नाही आणि लँडलाइनसाठी राखलेल्या आकड्यांतला न वापरलेला भाग मोबाइलला देता येतो. या एका शून्यामुळे २५४ कोटी ४० लाख नवे क्रमांक उपलब्ध होतील, असे ट्रायचे गणित होते. मोबाइलवरून मोबाइलला किंवा मोबाइलवरून लँडलाइनला फोन करण्याच्या पद्धतीत काही बदल झाला नाही.

मग मोबाइल क्रमांक अकरा अंकी होणार का?

नाही. ही बातमी दर काही वर्षांनी नव्याने फिरते. मे २०२०मध्ये ट्रायच्या शिफारशी येताच ‘आता मोबाइल नंबर ११ अंकी’ असे संदेश पसरले. ट्रायने दोनच दिवसांत खुलासा केला की, आपण तशी शिफारस केलेली नाही, उलट ती कल्पना नाकारली आहे. त्याआधी २०१८मध्ये १३ अंकी क्रमांकांची आवई उठली होती. ते क्रमांक माणसांसाठी नव्हतेच. वीजमीटर, वाहनांतील ट्रॅकर, कार्ड स्वाइप करण्याची यंत्रे अशी जी उपकरणे आपसांत माहिती पाठवतात, त्यांच्यातील सिमसाठी ते होते. यंत्रांना लांब क्रमांक पाठ करावे लागत नाहीत, म्हणून त्यांना दहा अंकांच्या रांगेतून बाहेर काढले.

जून २०२४मध्ये ‘दोन सिम वापरणाऱ्यांना शुल्क’ ही बातमी अशीच फिरली. ट्रायने चर्चेसाठी काढलेल्या कागदपत्रात क्रमांक ही मर्यादित साधनसंपत्ती असल्याने त्यावर शुल्क असावे का, असा प्रश्न विचारला होता. त्याचे बातमीत रूपांतर झाले. १४ जूनला ट्रायने ते फेटाळले आणि २०२५च्या शिफारशींमध्येही सध्या असे शुल्क नको, असेच म्हटले.

लँडलाइन कमी, तरी क्रमांकांची टंचाई कशी?

यातच ०२५३च्या पुढच्या बदलाचे कारण आहे. तारेच्या फोनची संख्या २०२०मध्ये सुमारे दोन कोटींपर्यंत उतरली होती. फायबर ब्रॉडबँडबरोबर घरोघरी पुन्हा लँडलाइन क्रमांक येऊ लागले आणि ती संख्या वाढली. पण ही वाढ शहरांत झाली. क्रमांक मात्र तालुक्यातालुक्यांत वाटून ठेवलेले. सहा अंकी क्रमांकांच्या तालुक्यात २ने सुरू होणारे एक लाख क्रमांक असतात. त्यातले बहुतेक पडून राहिले तरी ते शेजारच्या शहराला देता येत नाहीत, कारण त्यावर तालुक्याच्या कोडचा शिक्का आहे. एका विहिरीत पाणी आहे, दुसरी कोरडी पडते आहे, आणि मधे पाट नाही.

ट्रायने सुचवलेला उपाय असा : तालुक्याच्या हद्दी सोडायच्या आणि मोबाइलप्रमाणे संपूर्ण दूरसंचार परिमंडळ हेच एक क्षेत्र मानायचे. नाशिकसाठी ते महाराष्ट्र परिमंडळ. मुंबईचे वेगळे आहे. त्यासाठी लँडलाइनवरून लँडलाइनला फोन करताना प्रत्येक वेळी शून्य, कोड आणि क्रमांक, असे पूर्ण आकडे लावायचे. मग कोडशिवायचा सात अंकी क्रमांक ही गोष्टच राहत नाही आणि अडकलेले आकडे वापरता येतात. सरकारने मान्यता दिल्यावर कंपन्यांना सहा महिन्यांची मुदत सुचवली आहे.

महत्त्वाचे म्हणजे यात कोणाचाही क्रमांक बदलत नाही. बदलते ती फोन लावण्याची पद्धत. पाटीवर ०२५३सह क्रमांक लिहिलेला असेल तर ती पाटीही बदलायला नको.

इतर देशांनी काय केले?

इतर देशांनी हा त्रास भोगला आहे. लंडनचा कोड १९९०मध्ये ०१चा ०७१ आणि ०८१ झाला, १९९५मध्ये ०१७१ आणि ०१८१, तर २०००मध्ये ०२०. दहा वर्षांत तीन बदल. प्रत्येक वेळी दुकानांच्या पाट्या आणि छापील कागद रद्दी. फ्रान्सने १८ ऑक्टोबर १९९६ रोजी एका रात्रीत सगळ्या देशाचे क्रमांक आठचे दहा अंकी केले आणि गावातल्या गावातही पूर्ण क्रमांक लावण्याची पद्धत आणली. ट्राय आज लँडलाइनसाठी जे सुचवते आहे, ते त्याच धर्तीचे आहे.

तेव्हा आणि आता यांत एक फरक मात्र मोठा आहे. त्या काळी क्रमांक बदलला की फार तर फोन चुकत असे. आज मोबाइल क्रमांक बँक खात्याला, आधारला, गॅसच्या सिलिंडरला, पीक विम्याला, मुलाच्या शाळेला जोडलेला आहे. ओटीपी त्यावरच येतो. अकरावा आकडा जोडायचा तर देशातल्या प्रत्येक बँकेची, कार्यालयाची आणि ॲपची यंत्रणा एकाच वेळी बदलावी लागेल. दहा आकडे जपण्यामागे हेच कारण आहे.

बंद झालेला क्रमांक कुठे जातो?

आकडे वाढवायचे नाहीत म्हटल्यावर जुने क्रमांक पुन्हा वापरणे आलेच. ग्राहकाला सर्वाधिक धोका इथे आहे. प्रीपेड क्रमांक सलग ९० दिवस वापरला नाही तर कंपनी तो बंद करू शकते. खात्यात किमान २० रुपये शिल्लक असतील तर २० रुपये कापून आणखी ३० दिवसांची सवलत मिळते. बंद झालेला क्रमांक किमान ९० दिवस कोणाला दिला जात नाही, असे ट्रायने २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयात सांगितले होते. त्यानंतर तो नव्या ग्राहकाला मिळू शकतो.

गावाकडच्या वडिलांच्या नावावरचे, केवळ बँकेसाठी घेतलेले आणि कपाटात ठेवलेले सिम या नियमात अलगद सापडते. रिचार्ज राहिले, क्रमांक बंद झाला, काही महिन्यांनी तो भलत्याच माणसाच्या हाती गेला, आणि बँकेच्या खात्यात मात्र अजून तोच नोंदलेला आहे. पैसे काढल्याचा संदेश आणि ओटीपी त्या अनोळखी माणसाला जातात. नवा ग्राहकही अडचणीत येतो. आधीच्या माणसाच्या थकलेल्या कर्जाचे फोन त्याला येतात. बंद झालेल्या क्रमांकांची यादी सरकारकडून उपलब्ध होते आणि ती तपासून ग्राहकांच्या नोंदी दुरुस्त कराव्यात, असे रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२५मध्ये बँकांना सांगितले आहे. तरीही पहिली जबाबदारी ज्याचे खाते त्याचीच राहते.

ग्राहकांनी काय करावे?

लँडलाइनधारकांनी दुकानाची पाटी, बिलबुक, लेटरहेड यांवर क्रमांक नेहमी ०२५३सह छापावा. फोनमध्ये साठवलेले लँडलाइन क्रमांकही कोडसह ठेवावेत. इंटरकॉम, चोरीचा अलार्म, लिफ्टमधला फोन अशा यंत्रांत स्थानिक सात अंकी क्रमांक भरून ठेवलेले असतात. नवी पद्धत लागू झाल्यावर ते आपोआप लागणार नाहीत. ते वेळेत बदलून घ्यावे लागतील.

मोबाइलधारकांनी ‘संचार साथी’ या सरकारी संकेतस्थळावर आपल्या नावावर किती सिम आहेत ते पाहावे. महाराष्ट्रात एका व्यक्तीला जास्तीत जास्त नऊ सिम ठेवता येतात. यादीत आपले नसलेले सिम दिसले तर तिथेच तक्रार करता येते. क्रमांक सोडायचा असेल तर आधी बँक, आधार, विमा, गॅस अशा सर्व ठिकाणी नवा क्रमांक नोंदवावा आणि मगच जुना बंद होऊ द्यावा.

फोन कोणाचा आहे हे ओळखायलाही आता काही आकडे उपयोगी पडतात. १४०ने सुरू होणारा क्रमांक जाहिरातीचा असतो. बँकांनी व्यवहाराबाबतचे फोन १६००ने सुरू होणाऱ्या क्रमांकांवरूनच करावेत, असे रिझर्व्ह बँकेचे निर्देश आहेत. दहा अंकी साध्या मोबाइल क्रमांकावरून कोणी ‘बँकेतून बोलतोय’ म्हणाला, तर तो फोन ठेवून द्यावा. पैसे गेलेच तर १९३० या सायबर मदत क्रमांकावर लगेच कळवावे. तो लावायलाही कोड लागत नाही.